संपर्क रजिस्टर, खास मराठीत

१२ एप्रिल २०२१, सकाळी ७.१५
नवीन डायरी. कारण मोठे आहे. सोसायटीच्या बारा फ्लॅटचे संपर्क रजिस्टर कालच्या मीटिंगमध्ये माझ्याकडे आले. कोणाला ताप, कोण बाहेरून आला, कोण कोणत्या पॉझिटिव्ह माणसाला भेटला, सगळे त्यात लिहायचे. वॉर्डाच्या नर्सबाई आठवड्यातून एकदा येऊन पाहणार.
अध्यक्ष मुरलीधरजींना हे काम पुतण्याला द्यायचे होते. सांगानेरला चादरी छापण्याचा कारखाना आहे, म्हणून माणसाला वाटते सगळी सोसायटी आपली. मी उभा राहून सांगितले की या बळवंत सोनवणेने रेल्वेत एकतीस वर्षे गोपनीय अहवाल हाताळले आहेत, आधी भुसावळला, मग इथे जयपूरला. एकही फुटला नाही. (तायडेचा फुटला. पण तो शिपायाने फोडला.)

१३ एप्रिल
अडचण: रजिस्टर गेटवर, वॉचमन रणजीतच्या टेबलावर राहणार. कुलूप नाही, कपाट नाही.
तोडगा आंघोळ करताना सुचला. सगळे मराठीत लिहायचे. इथे गोपालपुऱ्यात मराठी कोणाला येते? एक मला, दुसरी शेजारच्या ३०२ मधली अश्लेषा. शिवाय नावे लिहायचीच नाहीत. फक्त फ्लॅट नंबर, आणि ओळख पटावी इतपत वर्णन.
सुलोचनेला फोनवर सांगितले. ती आमच्या लेकीच्या, अक्षदाच्या बाळंतपणाला भुसावळला गेली ती तिथेच अडकली आहे. ती म्हणाली, अहो, पण अक्षरे तर तीच ना, हिंदीची आणि आपली? बायकांना तांत्रिक बाबी कळत नाहीत. विषय बदलला.

१५ एप्रिल, सकाळी १०
अश्लेषा आली. मूळची सांगलीची, इथे आयटी कंपनीत. तिच्या ऑफिसातला संकल्प नावाचा मुलगा पॉझिटिव्ह निघाला. त्याला हिनेच स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेले होते. विचारत होती की काका, हे रजिस्टरमध्ये सांगितलेच पाहिजे का. घरमालक बगरूला राहतो. त्याने बजावून ठेवले आहे की कोरोनाचे नाव निघाले तर सामान गेटबाहेर. ऑफिस बंद, बस बंद, सांगली कुठच्या कुठे. खोली गेली तर जाणार कुठे?
मी तिला शब्द दिला. म्हटले, माहिती माझ्यापाशी म्हणजे तिजोरीत. पोरीने विश्वासाने सगळे खरे सांगितले. बरे वाटले. परमुलुखात आपले माणूस लागतेच.
लगेच खाली जाऊन नोंद केली: ‘३०२. मुलगी, चष्मा, सांगलीची. पॉझिटिव्ह मित्रास स्कूटीवरून दवाखान्यात नेले. टेस्ट बाकी. शेरा: अविवाहित. मैत्री दाट दिसते. घरमालकास कळू देऊ नये.’
शेवटचे वाक्य अधोरेखित केले.

१६ एप्रिल
शेऱ्याचा रकाना मी स्वतः आखून घेतला आहे. शेऱ्याशिवाय रजिस्टर म्हणजे मिठाशिवाय भाजी.
आजची नोंद: ‘१०१. अध्यक्ष. तीनदा शिंकले. विचारल्यास धूळ म्हणतात. कारखान्यात रोज माणसे जमवतात. लबाड. पुतण्या बिनकामाचा.’
निश्चय: उद्यापासून शेरा दोन शब्दांत.

१७ एप्रिल
शेरा मावला नाही. पुरवणी जोडली.

१८ एप्रिल
काहीतरी फुटले आहे. दूधवाला ३०२ वर जाईना. लिफ्टमध्ये कागद चिकटवला आहे की ३०२ ने जिना वापरावा. २०४ च्या बाई अश्लेषाला पाहून तोंडावर पदर घेऊन भिंतीला चिकटल्या.
फोडले कोणी? तिनेच कोणाला तरी सांगितले असणार. आजकालच्या मुलांच्या पोटात काही राहत नाही. उठले की फोटो टाकला.
रणजीत म्हणाला की अंकलजी, आपका रजिस्टर बहुत बढ़िया है, शाम को सब लोग पढ़के ही ऊपर जाते हैं. माझे अक्षर चांगले आहेच. अक्षर पाहायला येतात, येऊ देत.
संध्याकाळी मुरलीधरजी गॅलरीखाली येऊन उभे. लबाड म्हणजे काय, विचारत होते. मी सांगितले, आमच्यात शिस्तीच्या माणसाला म्हणतात. ते म्हणाले, त्यांची दादी हाच शब्द रोज वापरायची, आणि शिस्तीसाठी नव्हे. या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

२० एप्रिल
घरमालक बगरूहून मोटारसायकलवर आला. गेटवर उभा राहून ओळीखाली बोट फिरवत अख्खे पान वाचले. एकच शब्द रणजीतला विचारला म्हणे: ‘दाट’. बाकी सगळे समजले. मग वर जाऊन अश्लेषाला उद्यापर्यंतची मुदत दिली. तिचा रिपोर्ट सकाळीच निगेटिव्ह आला होता. तो त्याने बघितलाही नाही.
ती माझ्या दारात आली. काका म्हणाली नाही. एवढेच विचारले की मी हे का लिहिले. मी समजावले की घरमालकास कळू देऊ नये असे स्पष्ट लिहून खाली रेघ मारली आहे. दुसऱ्याचा कागद वाचणे हा त्याचा गुन्हा. मी लेखी तक्रार करणार आहे. मग तिने विचारले, उद्या मी राहू कुठे. मी म्हटले, विचार करतो.
मला तिचा राग आला. रडली असती तर काहीतरी बोलता आले असते.
सुलोचना फोनवर म्हणाली की अहो, दोन खोल्या रिकाम्या पडल्यात, आणा तिला घरी. मी म्हटले, ती संपर्कातील व्यक्ती आहे, नियम आहे. सुलोचनेने फोन ठेवला. नेटवर्क खराब आहे.

२१ एप्रिल
मुरलीधरजींनी अश्लेषाला कारखान्याच्या टेम्पोतून सामानासकट सांगानेरला नेले. तिथे वरच्या मजल्यावर त्यांची पाहुण्यांची खोली आहे. टेम्पो सुटताना सगळी सोसायटी गॅलरीत. मीही हात केला. तिने पुढे बघितले.
नाटकी माणूस. हे सगळे पुढच्या निवडणुकीसाठी.

२३ एप्रिल
आनंदाची बातमी. ३०२ रिकामा, बाकी अकराही फ्लॅटची आजची नोंद: कोणालाही भेटलो नाही, ताप नाही, खोकला नाही. संपर्क शून्य. दहा दिवसांत साथ आटोक्यात. श्रेय कोणी देणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.
नर्सबाईंनी पान पाहिले. मग विचारले की २०४ चे गृहस्थ परवापासून ऑक्सिजनवर आहेत, तेही कोणाला भेटले नव्हते का. मी म्हटले, माणूस घरकोंबडा आहे. त्या बाई फार उद्धट. म्हणाल्या, आता या बिल्डिंगमध्ये मला कोणी खरे सांगणार नाही, आणि ते तुमच्यामुळे.

२५ एप्रिल
पार्किंगमध्ये मीटिंग. मला काढले. दहा विरुद्ध एक.
नवे नियम: प्रत्येकाने चिठ्ठी लिहून कुलूपबंद डब्यात टाकायची. किल्ली फक्त नर्सबाईंकडे. चौदा दिवसांनी चिठ्ठ्या जाळायच्या. सोसायटीच्या ग्रुपवर कोणाच्याही आजाराचा शब्द काढायचा नाही, काढल्यास मेसेज डिलीट. एवढे साधे नियम मलाही सुचले असते, पण मी खोलात जातो.
निषेधाचे भाषण चाळीस मिनिटे केले. आवाज पोहोचावा म्हणून मास्क काढला आणि एकेकाच्या जवळ जाऊन बोललो. भाषण चांगले झाले.

२९ एप्रिल
घसा. धूळ आहे.

१ मे
महाराष्ट्र दिन. ताप १०१.
रिपोर्ट पॉझिटिव्ह. नर्सबाई दारातून बोलल्या. चौदा दिवसांत कोणाला भेटलात? मीटिंगचे सांगितले. चाळीस मिनिटांचेही सांगितले. मग विनंती केली की माझे नाव बाहेर जाऊ नये, इथे लोक वाईट आहेत. त्या म्हणाल्या, निर्धास्त राहा, माझ्याकडून कोणाला कळणार नाही.
बघू किती दिवस टिकते.

४ मे
टिकले आहे. कोणालाच कळलेले नाही. कोणी फोन केला नाही, कोणी वर आले नाही. ज्यांना तपासायचे त्यांना नर्सबाईंनी बोलावले म्हणे, पण कोणामुळे ते सांगितले नाही. तीन दिवस मुगाची खिचडी. आज करपली. पातेले घासायला उभे राहवत नाही.
एवढा मोठा माणूस आजारी पडतो आणि बिल्डिंगला पत्ता नाही. याला सोसायटी म्हणायचे?

६ मे, सकाळी ११
शेवटी स्वतःच ग्रुपवर टाकले: ३०१, बळवंत सोनवणे, पॉझिटिव्ह, अशक्तपणा फार, चौकशी केल्यास हरकत नाही. दोन मिनिटांत डिलीट. खाली मुरलीधरजींचा मेसेज की बीमारी की जानकारी डालना मना है, नियम सबके लिए एक. मी लिहिले की बीमार मीच आहे. तेही डिलीट.
गॅलरीत जाऊन रणजीतला हाक मारली, सांगितले की मला कोरोना झालाय. त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाला की अंकलजी, हमको ये सब सुनना मना है. वर बघितलेही नाही.

दुपारी ४
सुलोचनेचा फोन. आवाजावरून तिला कळलेच. विचारत होती की जेवणाचे काय, घरी कोण कोण येऊन जाते, कोण बघते तुमच्याकडे.
म्हटले, ती माहिती गोपनीय आहे.