याला पावलं ऐकू येतात

बेल्टन क्रीक, ओहायो
२३ ऑक्टोबर १९७८

ती. व्हेल्माताईस,
एल्डनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझी जोआन, आईला काळजी नको म्हणून, लेकाबद्दल सगळं गोडगोड लिहिते आणि तू टूसॉनच्या उन्हात बसून नातवाचं खरंखोटं मला विचारतेस. तर ऐक. शनिवारी आपण पुन्हा हरलो, आणि कर्टिसमुळेच हरलो.

तुला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून सोपं करून सांगतो. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आपल्या कर्टिसच्या, हातात चेंडू आला की दोनतीन सेकंदांत तो आपल्या गड्याकडे फेकायचा. तेवढ्यात समोरची धिप्पाड पोरं त्याला लोळवायला धावत येतात. कर्टिसचा हात गेल्या वर्षीसारखाच चोख आहे. बिघाड डोक्यात आहे. सप्टेंबरात एकदा डोक्यावर आपटला, तेव्हापासून त्यानं धसका घेतलाय. चेंडू घेण्याआधी मान गर्रकन डावीकडे वळवून बघतो, मग घाईनं भलतीकडेच फेकतो. आणि डावीकडून खरोखर कुणी आला की हा ढिम्म. आपले गडी घसा फोडून सावध करतात, तरी जागचा हलत नाही. अशा भेदरलेल्याला आमच्या स्टँडमध्ये 'याला पावलं ऐकू येतात' असं म्हणतात.

चाळीस वर्षं त्याच बाकावर बसून सामने बघतोय, केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत. मी इथल्या साप्ताहिकालाही तसं पत्र धाडलं. पाच तारखेला छापून आलं. घरचा आहे म्हणून गय करायची, हे मला जमत नाही. तेव्हापासून स्वारी फुगलीय. रविवारी चर्चमध्ये शेजारी बसून तीनदा हाक मारली, ढुंकूनही बघितलं नाही. खेळावर मिळालेली शिष्यवृत्ती टिकवायची तर मन घट्ट कर, असं आता तूच त्याला लिही. आजीचं ऐकेल.

माझा गुडघा बरा आहे. लोभ आहे तसाच ठेव, वाढला तरी माझी तक्रार नाही.

तुझा
एल्डन

टूसॉन, ॲरिझोना
२७ ऑक्टोबर १९७८

चि. एल्डन यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. चर्चमध्ये तू त्याच्या कुठल्या हाताला बसला होतास? डाव्या, पैज लावते.

गालगुंडात माझा एक कान गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सात महिने कुणाला कळू दिलं नाही. सारखी मान वळवून बघायचे, कुणी हाक मारली तर ढिम्म. व्हेल्मा शिष्ट झालीय, असं आईला जाऊन सांगणारा तूच होतास. तू विसरला असशील, मी नाही.

फुटबॉल मला कळत नाही, कबूल. पण बहिरेपण कळतं. त्याला पावलं ऐकू येत नाहीत रे. म्हणून तो वळून बघतो.

उरलेला कानही आता फोनवर दगा देतो, म्हणून हे तातडीच्या टपालानं धाडतेय. मिळाल्याक्षणी ऊठ. त्याच्या डाव्या अंगाला, जरा मागे उभा राहा आणि म्हण की गाडीत गरम डोनट आहेत. आपल्या घरात डोनटला पाठ फिरवणारा अजून जन्मला नाही. तो वळला तर मला वेडी म्हण, मी आनंदानं ऐकून घेईन. नाही वळला तर तसाच दवाखान्यात ने. उद्या शनिवार, तो पुन्हा खेळणार.

सगळ्यांना आशीर्वाद. उत्तराला उशीर लावू नकोस.

तुझी
व्हेल्मा

बेल्टन क्रीक
२ नोव्हेंबर १९७८

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र सोमवारी आलं. त्याआधी शनिवारी तो खेळला. चार वेळा लोळवला गेला, चारही वेळा डावीकडून. दर वेळी मी उठून ओरडलो. काय ओरडलो ते आता लिहवत नाही.

पत्र वाचून तसाच सरावाच्या मैदानावर गेलो. तू सांगितलंस तसा उभा राहिलो आणि डोनटचं म्हणालो. मग मोठ्यानं म्हणालो. वीस पावलांवर गवत कापणारा माणूस यंत्र बंद करून आला आणि मला एक मिळेल का म्हणून विचारू लागला. कर्टिस बुटाचे बंद बांधत होता, तो बांधतच राहिला. मग मी उजवीकडे जाऊन नुसतं पुटपुटलो, तर लगेच मान वर करून कुठल्या गाडीत म्हणून विचारलं. ताई, मी तिथंच गवतात बसलो.

डॉक्टरांनी फोटो काढला. डाव्या कानामागच्या हाडाला चीर आहे, सप्टेंबरातलीच. ऐकू येणं बहुधा परत येणार नाही. याला इतके दिवस खेळू कुणी दिलं, असं डॉक्टरांनी विचारलं. आणखी एक धडक तिथंच बसली असती तर पोरगा हाती लागला नसता म्हणाले. जोआन भिंतीला टेकून उभी होती, मला तिच्याकडे बघवेना. खेळ आता कायमचा बंद. शिष्यवृत्ती यंदापुरती राहील, असं कोचनं सांगितलं.

बिघाड डोक्यात आहे, हे मी बरोबर लिहिलं होतं. मान दिसली, पाय दिसले, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी काय अर्थ लावला बघ. साप्ताहिकाला दुसरं पत्र लिहायला दोनदा बसलो. 'संपादक महाशय' याच्या पुढे हात चालत नाही.

तुला शिष्ट म्हणालो होतो, त्याची माफी साठ वर्षांनी मागतो. राग धरू नकोस.

एल्डन

बेल्टन क्रीक
८ नोव्हेंबर १९७८

ती. मामाआजोबांस,
कर्टिसचा शि. सा. न.

दोन गल्ल्यांवर राहून पत्र लिहितोय, कारण समोर आलात की तुम्ही डोळे पुसायला लागता आणि मला बोलता येत नाही. आजीनं लिहिलंय की तुम्ही नीट जेवत नाही. म्हणून एक गोष्ट सांगायची आहे. ऐकून राग येईल, येऊ दे.

मी तुमच्यावर फुगलो नव्हतो. साप्ताहिकातलं तुमचं पत्र मी कापून पाकिटात ठेवलं होतं. पहिल्या दिवशी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग ध्यानात आलं की हे बरंच झालं. तोवर कोच मला सारखा दवाखान्यात जा म्हणत होता. तुमचं पत्र आल्यावर त्याचं म्हणणं थांबलं. एल्डन म्हणतात म्हणजे पोरगा घाबरलाय, तपासायचं काय त्यात, असं सगळ्यांनी धरलं. भित्र्याला मैदानात ठेवतात, बहिऱ्याला ठेवत नाहीत. तुमच्या पत्राच्या आडोशानं मी आणखी चार सामने खेळलो.

यात तुम्ही मला फसवलं नाहीत, मी तुम्हाला फसवलं. माफी मागायची तर मीच मागतो. साप्ताहिकाला दुसरं पत्र लिहू नका. आता सगळ्या गावाला माहीत आहे.

शनिवारी शेवटचा सामना. माझ्या जागी पहिल्या वर्षाचा तो सडपातळ मुलगा खेळणार आहे. तोही फार घाबरतो म्हणतात. तुमच्या बाकावर माझ्यासाठी जागा धरा आणि तुम्ही माझ्या उजव्या हाताला बसा. तो लोळवला गेला की तुम्ही काय ओरडता, ते मला ऐकायचं आहे.

आशीर्वाद असू द्यावा. डोनट खरोखरचे आणावेत.

आपला
कर्टिस