दुकान बंद असण्याचं खरं कारण

३ जून

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. फोनवर तू बोलण्याऐवजी नाकच ओढत बसतोस, म्हणून पत्र. ऑपरेशनला आठ दिवस झाले. छातीची डावी बाजू आता सपाट आहे. डोळे पूस आणि पुढे वाच.

जखमेतलं पाणी काढायला नळी लावतात, तिच्या टोकाला बाटली. ती पदराखाली लपवून बायका वॉर्डभर फिरतात, जशी काही कुणाची चोरून आणली आहे. मला बघवेना. तळमजल्यावर मदत कक्ष म्हणून एक खोली आहे. तिथल्या बाई अर्ज भरून देतात, लांबून आलेल्यांची राहायची सोय लावतात, आणि कुणाला नुसतं रडायचं असेल तर दार लोटून समोर बसतात. पहिल्या दिवशी मी त्यांना तासभर शिव्याच घातल्या. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, उरलेल्या उद्या घाला. परवा त्यांच्याकडून जुन्या चादरी मागून घेतल्या आणि गळ्यात अडकवायची पिशवी शिवली. बाटली आत, हात मोकळे! आता वॉर्डात सगळ्यांनाच हवी आहे.

माझ्या शिवणाच्या गिऱ्हाइकांना गेले तीन महिने काय सांगतोयस, ते कळव.

लोभ ठेव, कीव नको.

तुझी ताई

९ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र दुकानात उघडलं, आणि हातातल्या घड्याळाचा स्क्रू कुठे उडाला तो अजून सापडलेला नाही.

लोकांना मी सांगितलंय की तू शिवणाच्या वरच्या वर्गाला गेली आहेस. समोरच्या न्हाव्याने विचारलं, या वयात? मी म्हटलं, शिकायला वय नसतं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला आणायची, ताई? उद्या तू परत आलीस की लोक आधी तुझ्या छातीकडे बघतील, मग तोंडाकडे.

भेटायला यायचं म्हणून दोनदा तिकीट काढलं आणि दोन्ही वेळा स्टँडवरून परतलो. आईला त्याच हॉस्पिटलच्या दारातून आत नेलं होतं आणि एकटाच बाहेर आलो होतो. रागावू नकोस.

आहे तसा सांभाळून घे.

धाकटा

१६ जून

चि. धाकट्यास,

अ. उ. आ., पण आज कान पिळून. अर्ध्या गावाला मी शिवण शिकवलं, आणि मी वर्गाला गेले? मला आजार झालाय, मी दरोडा घातलेला नाही. खरं सांग. माझं नाव घेऊन सांग.

इथे वेगळीच लढाई जुंपली आहे. व्यवस्थापक साहेबांनी दारावर कागद लावला, की मदत कक्ष बंद, फायली ठेवायला जागा हवी. बाई मुकाट्याने कपाट आवरायला लागल्या. आम्ही अकरा जणी पिशव्या गळ्यात घालून खोलीत जाऊन बसलो. साहेब म्हणाले, तुम्हाला आरामाची गरज आहे. मी म्हटलं, तोच तर करतोय. इतक्यात घशाच्या ऑपरेशनात आवाज गेलेले एक मास्तर आत आले आणि वहीवर लिहून दाखवलं, घोषणा द्यायचं काम माझ्याकडे. हसता हसता माझे टाके दुखले.

आता रोज दहा ते पाच. केमोचा डोस घ्यायला जायचं आणि पुन्हा येऊन बसायचं.

लोभ असू दे. भित्रेपणा तेवढा सोड.

ताई

२३ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्या दुकानाच्या शटरवर मी स्वतः रंगाने लिहिलं: "ताईला कॅन्सर झालाय. उपचार चालू आहेत. शिवायला दिलेले कपडे शेजारी घड्याळवाल्याकडे मिळतील." अक्षर तुला आवडणार नाही. न्हाव्याने ते मोठ्याने वाचलं आणि माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

संध्याकाळी कोपऱ्यावरची भाजीवाली आली. गर्दी पांगेपर्यंत उगाच घड्याळं बघत उभी होती. मग हळूच म्हणाली, छातीत आठ महिन्यांपासून गाठ आहे, घरी कुणालाही माहीत नाही. शटरवरचं वाचून तिला वाटलं, इतकं उघड सांगता येतं तर दाखवायलाही जाता येईल. पण एकटीने नाही. ताई, माझ्या तोंडून निघून गेलं, मी येतो. रात्री तिने नवऱ्यालाही सांगितलं. सोमवारच्या सकाळच्या गाडीने आम्ही तिघं निघतोय. दारापाशी माझे पाय अडतील, पण या वेळी परत फिरता येणार नाही.

आम्हाला पदरात घे.

धाकटा

२६ जून

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. या वेळचे आशीर्वाद पोटातून.

खोली राहिली! तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाई आमच्यात येऊन बसल्या आणि तिथेच पेशंट तपासायला लागल्या. सातव्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या हाताने कागद काढला. फायली आता त्यांच्याच केबिनमध्ये, त्यांना खुर्ची मागे सरकवता येत नाही. पण आम्ही अकराच्या दहा उरलो. गेली ती आदल्या दिवशीपर्यंत माझ्या शेजारी बसली होती, घरी जा म्हटलं की डोळे वटारायची. तिची पिशवी मी कुणाला दिली नाही.

भाजीवालीला रेशनकार्ड वगैरे असतील ते कागद घेऊन यायला सांग. अर्ज मी भरीन, बाईंशी बोलले आहे. मोठ्या दारात एक पूर्ण टकली बाई उभी दिसेल. डोक्याला काही बांधणार नाही, म्हणजे तुम्हाला लांबून ओळखता येईल. सरळ माझ्याकडे बघत चालत ये.

वाट बघतेय,
ताई