दिवसा आतून कडी लावून दिलेला पेपर

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण विभाग,
ज्ञानगोदा विद्यापीठ, मुख्य कार्यालय.

अर्जदार : कु. भावना राजानंद हिवाळे, रा. आष्टी, ता. परतूर, जि. जालना.
अभ्यासक्रम : एम.एस्सी. गणित (ऑनलाइन), चौथे सत्र.

विषय : राखून ठेवलेला निकाल जाहीर करणेबाबत, तसेच पेपरच्या वेळी माझ्या घरात आढळलेल्या नऊ ‘अनोळखी’ व्यक्तींची ओळख करून देणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, गैरप्रकार कक्ष, दि. २० फेब्रुवारी २०२६.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून खालील वस्तुस्थिती आपल्या अवलोकनार्थ सविनय सादर करते.

१. सर्वप्रथम विद्यापीठाचे आभार. सन २०२३ मध्ये मी आपल्याच विद्यापीठात नियमित एम.एस्सी. गणितासाठी अर्ज केला होता. जागा चोवीस होत्या आणि अर्ज अकराशे सदतीस. शेवटचा प्रवेश ८८.४१ टक्क्यांवर बंद झाला. मला ८८.३७ टक्के होते. माझ्यापेक्षा चार शतांशाने हुशार असलेला उमेदवार विद्यापीठाने एवढ्या गर्दीतून शोधून काढला, याबद्दल माझी तक्रार नाही. पुढे पाच महिन्यांनी त्याच विद्यापीठाचा संदेश आला की, ‘अभिनंदन! स्पर्धा संपली. एम.एस्सी. गणित आता घरबसल्या. आपला प्रवेश निश्चित.’ ज्या गणिताला मी जुलैमध्ये पुरी पडत नव्हते, त्याच गणिताला डिसेंबरात अभिनंदनासह पात्र ठरले. तोच संदेश माझ्या वडिलांच्या मोबाईलवरही आला होता. ते सातवी पास असून हंगामात अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर कामाला असतात. त्यांनी विचारपूर्वक नकार दिला, मी प्रवेश घेतला.

२. मी परतूर येथे एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवते. तेथील पूर्णवेळ पदासाठी माझी निवड झाली आहे. चारही सत्रांची गुणपत्रके दि. २५ मार्चपर्यंत दाखल न केल्यास ती निवड रद्द होऊन प्रतीक्षा यादीतील पुढच्या उमेदवारास बोलावले जाईल. तीन सत्रे प्रथम श्रेणीत उत्तीर्ण आहेत. चौथ्याचा निकाल आपण राखून ठेवला आहे. आजपासून नऊ दिवस उरले आहेत. या अर्जातील बाकीचे सर्व आपण नजरेखालून घातले तरी चालेल, एवढा परिच्छेद मात्र कृपया वाचावा.

३. आपल्या परीक्षा नियमावलीनुसार परीक्षार्थीने बंद खोलीत, चालू कॅमेऱ्यासमोर एकटे बसावे (नियम ४), तीन तासांत कोणाशीही बोलू नये (नियम ७) आणि वहीवर लिहिण्याची वेळ सोडून नजर पडद्यावरून हटवू नये (नियम ९). हे नियम तयार करताना समितीसमोर कोणते घर होते, ते मला माहीत नाही. आमच्या घरात दोन खोल्या आहेत. मोबाईलची रेंज फक्त पुढच्या खोलीत, खिडकीजवळ येते. पुढच्या खोलीचे दार गल्लीत उघडते. विद्यापीठ आपल्या दारी आले, असे आपल्या जाहिरातीत म्हटले होते. ते आल्यावर पहिली सूचना दार लावून घेण्याची मिळाली.

४. येथे गल्लीच्या रिवाजाची माहिती देणे क्रमप्राप्त आहे. आमच्याकडे दिवसा कोणी दार लावत नाही. घरात कोणी नसले तर बाहेरून कुलूप असते, कोणी असले तर दार उघडे असते. भर दिवसा आतून कडी असेल तर घरात काहीतरी वाईट झाले आहे, असा त्याचा एकच अर्थ निघतो आणि गल्लीतले लोक विचारायला येतात. चार वर्षांपूर्वी दोन घरे सोडून अशी कडी लागली होती. तेव्हा विचारायला उशीर झाला. त्यानंतर आमच्या गल्लीत कोणी उशीर करत नाही.

५. हे ठाऊक असल्याने पहिल्या तीन पेपरांना माझी आई चांगुणाबाई बाहेर ओट्यावर बसून होती आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला परीक्षा चालू असल्याचे सांगत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांचा पोषण आहार शिजवते. तीन दिवस तिने बदली बाई दिली. चौथ्या पेपराच्या दिवशी, दि. २० जानेवारी रोजी, तालुक्याहून तपासणी पथक येणार असल्याने तिला जावे लागले. ओट्यावर दुसरे कोणी बसवायचे राहून गेले. ही चूक माझी आहे आणि ती मी मान्य करते.

६. सकाळी दहाला पेपर सुरू झाला. पावणेअकराच्या सुमारास शेजारच्या साळूबाई आमची चाळणी परत करायला आल्या. त्यांनी तीन हाका मारल्या. नियम ७ चे पालन करून मी ओ दिली नाही. त्यांनी दार ढकलले, तर आतून कडी. मग त्यांनी समोरच्या कडूबा मामांना बोलावले आणि मामांनी खिडकीतून आत पाहिले. त्या वेळी मला प्रश्न पाचचा दुसरा भाग सुटत नव्हता. मी नियम ९ नुसार दहा मिनिटे पडद्याकडे टक लावून निश्चल बसले होते. गणिताचा पेपर सोडवणारा माणूस बाहेरून कसा दिसतो, याची आमच्या गल्लीला सवय नाही. मामांनी बाहेर सांगितले, ते आपल्या ध्वनिमुद्रणातही असेल, “पोरगी हालून न्हाई राह्यली. डोळे उघडेच हायेत.”

त्यानंतर दाराच्या फटीतून विळ्याचे टोक घालून कडी वर करण्यात आली आणि आठ व्यक्ती आत आल्या. मी एक वाक्य बोलले असते तर त्या आल्या पावली परत गेल्या असत्या. परंतु नियम ७. मी बोलत नाही हे पाहून माझी वाचा गेल्याचे सर्वानुमते ठरले. कोणी तोंडावर पाणी मारले, त्यामुळे उत्तरपत्रिकेच्या पान ११ वरची शाई फुटली आहे. परीक्षकांनी ते सहानुभूतीने वाचावे. त्यांच्यातल्या द्वारकाबाईंनी कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला. मी लिहीत राहिले. मी लिहीत आहे हे पाहून तर द्वारकाबाईंना रडूच आले, कारण हात चालतो आणि तोंड चालत नाही, हे त्यांना अधिकच वाईट लक्षण वाटले.

दरम्यान बबलू नावाच्या तरुणाने मोटारसायकलवरून शाळेत जाऊन आईला आणले. ती हातातल्या खिचडीच्या पळीसह आली. तिने सर्वांना बाहेर काढले आणि उंबऱ्यात बसली. पथकासमोर चूल सोडून गेल्याबद्दल तिला नंतर लेखी खुलासा द्यावा लागला. आमच्या घरात सध्या दोन खुलासे चालू आहेत.

७. आता आपल्या पत्रासोबत आलेल्या, कॅमेऱ्याच्या चित्रणावरील अहवालाविषयी. तो मी चार वेळा वाचला. व्यक्ती क्र. १ ‘खिडकीतून सांकेतिक खुणा करणारा पुरुष’ म्हणजे कडूबा मामा होत. त्यांना एका डोळ्याने दिसत नाही, म्हणून ते हाताचा आडोसा करून बघतात. व्यक्ती क्र. ३ ने ‘परीक्षार्थीच्या चेहऱ्याजवळ आणलेले गोलाकार उपकरण, ब्लूटूथ असण्याची दाट शक्यता’ हा कांदा होता. पुरावा म्हणून तो सोबत जोडण्याची माझी तयारी होती, पण त्याच दिवशी दुपारी तो पिठल्यात गेला. आठ जणांनी ‘सामूहिकरीत्या उत्तरे पुरवली’, असाही निष्कर्ष आहे. त्या आठ जणांचे शिक्षण मिळून पस्तीस इयत्ता भरते, मी बेरीज केली आहे. त्यांच्यात फंक्शनल अॅनॅलिसिसच्या त्या पेपराचे उत्तर सांगणारे कोणी निघाले असते, तर विद्यापीठाने मला सोडून आधी त्यांना प्राध्यापक म्हणून नेमावे, अशी शिफारस मी स्वतः केली असती.

व्यक्ती क्र. ९ ‘धातूचे लांब हत्यार बाळगणारी स्त्री’ असून तिने ‘परीक्षार्थीस तोंडी सूचना दिल्या’, असे नमूद आहे. त्या सूचना मी जशाच्या तशा देते : “तू नको बघू इकडं. तू लिव्ह. हे समदं माह्यावर सोड.” यातून प्रश्न पाचचा दुसरा भाग कसा सुटतो, हे समितीने कृपया मलाही कळवावे. मला तो शेवटपर्यंत सुटला नाही. उत्तरपत्रिका तपासल्यास खात्री पटेल.

८. दि. ११ मार्च रोजी मी आपल्या कार्यालयात समक्ष हजर झाले. सोबत साक्ष द्यायला कडूबा मामा आले होते. कक्षातील लिपिकांनी आम्हाला पाणी दिले, बसायला सांगितले आणि नमुना ‘क’ समोर ठेवला. त्यात दोनच रकाने आहेत. पहिला, ‘सदर व्यक्ती परिचित असून संगनमताने आल्या’. हा भरल्यास दोन वर्षे परीक्षाबंदी. दुसरा, ‘सदर व्यक्ती अनोळखी असून घुसखोरी करून आल्या’. हा भरून सोबत पोलीस तक्रारीची प्रत जोडल्यास निकाल चार दिवसांत. लिपिक वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी हळूच दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवले आणि मोबाईलवर तक्रार कशी नोंदवायची तेही दाखवले.

मी मामांना दोन्ही रकाने वाचून दाखवले. त्यांनी ते नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, “लिहून टाक बाई, आम्ही चोर होतो म्हणून. बिलकुल लिही. तुझी नोकरी तर लागंल.” परत येताना बसमधून त्यांनी गल्लीत फोन लावले आणि सांगितले की, सगळ्यांशी बोलणे झाले आहे आणि कोणाचीच हरकत नाही. साळूबाई तर स्वतः ठाण्यात जाऊन कबूल करायला तयार आहेत.

९. महोदय, मला या लोकांचा त्या दिवशी अतोनात संताप आला होता आणि अजूनही तो पुरता गेलेला नाही. साळूबाई रोज सकाळी निकाल लागला का म्हणून विचारायला येतात, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. ती चाळणी त्या दुपारी आणू शकल्या असत्या. पण राग येणे ही एक गोष्ट आहे आणि ओळख नाकारणे ही दुसरी. दि. २५ नंतर माझे पद जाईल आणि असे पद आमच्या तालुक्यात पुन्हा कधी निघेल ते कोणी सांगू शकत नाही, हे मला कळते. रात्रंदिवस दुसरे काही डोक्यात नसते. तरी दुसरा रकाना या नऊ जणांच्या नावाने मी भरणार नाही. नमुन्यात ‘शेजारी’ असा तिसरा रकाना घालावा आणि पेपर तपासून जो काय निकाल असेल तो २५ तारखेपूर्वी द्यावा, एवढीच विनंती आहे.

१०. जाता जाता एक नोंद. दुसऱ्या सत्रात मला टायफॉइड झाला होता आणि सव्वीस दिवस मी अभ्यासक्रमाचे पान एकदाही उघडले नव्हते. त्या काळात विद्यापीठाकडून मला तीन संदेश आले. तिन्हींत एकच मजकूर होता : ‘प्रिय विद्यार्थी, आपली प्रगती उत्तम आहे.’ आमच्या गल्लीत तीन हाकांना ओ दिली नाही, तर लोक विळ्याने कडी काढतात.

नमुना ‘क’ कोरा परत करू नये, अशी त्यावर छापील सूचना आहे. म्हणून दुसऱ्या रकान्यात, जे नाव मला प्रामाणिकपणे लिहिता आले, ते एकच लिहून तो सोबत जोडला आहे.

उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपली नोंदणीकृत विद्यार्थिनी,
(सही)
भावना राजानंद हिवाळे
आष्टी, दि. १६ मार्च २०२६

सोबत :
१) तीन सत्रांच्या गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती.
२) निवडपत्राची प्रत, दि. २५ मार्चच्या अटीसह.
३) व्यक्ती क्र. १ ते ९ यांची नावे, पत्ते व सह्या. पैकी चार अंगठे.
४) नमुना ‘क’, भरलेला. अनोळखी व्यक्तीचे नाव : ज्ञानगोदा विद्यापीठ.