जप्त कात्री व गोधडी साहेबांनी स्वहस्ते घरी आणून देण्याबाबत

प्रति,
मा. अतिक्रमण निर्मूलन अधिकारी,
विभाग कार्यालय, दुसरा मजला.

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : १) आपल्या पथकाची जप्ती पावती. २) "आधी पत्ता आण, मग बघू" हे आपले तोंडी उत्तर.

महोदय,

मी काज-बटण करून पोट भरणारी बाई. राहती चाळ पाडल्यावर दोन वर्षे लाँड्रीशेजारच्या पायरीवर झोपत होते. आपल्या पथकाने मला तीनदा उचलून कोठडीत टाकले. सुटले की मी परत त्याच पायरीवर, कारण जायला दुसरी जागाच नव्हती. एवढी साधी गोष्ट आपल्या फायलीत कुठे बसली नाही.

तिसऱ्या खेपेला माझी कात्री 'धारदार हत्यार' आणि गोधडी 'कचरा' म्हणून जप्त झाली. कात्री गेली तसे कामही गेले. गोधडीत माझ्या गेलेल्या लेकीचे फ्रॉक शिवलेले आहेत. पावतीवरचा 'कचरा' हा शब्द आपल्या अक्षरात आहे. माझा आपल्यावर राग आहे आणि तो मला कमी करायचा नाही.

दोन्ही वस्तू मागायला मी अकरा वेळा कार्यालयात आले. बाकावर बसले की शिपाई उठवी. म्हणे, बाक अर्जदारांसाठी आहे आणि अर्जदार व्हायला पत्ता लागतो.

माझ्याविरुद्ध आपल्याकडे गल्लीतल्या सव्वीस जणांच्या सह्यांची तक्रार आहे. मी तिसऱ्यांदा परतले तेव्हा त्याच लोकांनी बैठक घेतली. लाँड्रीवाला म्हणाला, "किती वेळा हाकलायचं हिला? खोली देऊन टाकू, बाकीचं मागाहून बघू." दोन वर्षे मी ज्या बंद दाराला पाठ लावून झोपले, त्यामागे त्याची खोली रिकामीच होती. सुताराने दार नीट केले, शेजारणीने खाट दिली. खोलीच्या बदल्यात मला कोणी काही कबूल करायला लावले नाही. त्यानंतर पुलाखालच्या तिघांनाही गल्लीत खोल्या मिळाल्या. आपल्या पथकाला आमच्याकडे आता काम उरलेले नाही, हे कळवताना मला फार आनंद होतो.

सबब, पावतीच्या मागे छापल्याप्रमाणे अधिकाऱ्याने स्वतः पत्त्याची खात्री करून माल परत द्यायचा असतो. आपण यावे, शिपायाला पाठवू नये. गोधडी घडी घालून आणावी. दारावर थाप मारावी. मी आतच असेन. कोठडीची कडी बाहेरून असे, ही आतून आहे. मी अकरा वेळा जितकी उभी राहिले तितके आपले उभे राहून झाले की काढीन.

तोवर पाय दुखले तरी पायरीवर टेकू नये. 'येथे बसण्यास सक्त मनाई' हा आपला फलक अजून तिथेच आहे. गल्लीतले लोक तो काढायला निघाले होते, मी काढू दिला नाही. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसते.

नम्र नसले तरी नियमात बसणारी,
काज-बटणवाली
(सही)

दिनांक : घरात आल्याचा चाळिसावा दिवस

सोबत : पत्त्याचा पुरावा, सव्वीस जणांच्या सह्यांसह; जप्ती पावती; फलकाचा फोटो.