सभ्य वसुली

सोमवार, ४ जून
ऑफिसात नवी नियमावली वाटली. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन नाही. शिवीगाळ नाही. शेजारी, नातेवाईक, कुणापाशीही कर्जाबद्दल ब्र काढायचा नाही. बाकीच्या वसुलीवाल्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. मला उलट आनंद. मी मुळातच सभ्य. आजपासून आवाज चढवणार नाही.

मंगळवार, ५ जून
फ्रेमवाल्याचे हप्ते थकलेत. फोटोफ्रेमचं छोटं दुकान आहे, मशीनसाठी कर्ज घेतलेलं. आठच्या ठोक्याला फोन लावला. बरे आहात ना, एवढंच विचारलं. तो म्हणाला, साहेब, घरी माहीत नाही हो. म्हटलं, माझ्या तोंडाला कुलूप!

शुक्रवार, ८ जून
फोन उचलत नाही. दुकानात जाऊन तगादा लावायला बंदी. पण गिऱ्हाईक म्हणून जायला कुठे आहे? डोकं लागतं. माझाच एक फोटो फ्रेम करायला दिला. पैशांचा विषय काढला नाही. नुसता स्टुलावर बसून बघत राहिलो. काच कापताना त्याने बोट कापून घेतलं. कामात लक्ष नको माणसाचं?

गुरुवार, १४ जून
रोज जातो. रोज वेगळा फोटो. मजुरी घेत नाही, हात जोडतो. चांगलीच गट्टी जमलीये. आज त्याची बायको डबा घेऊन आली. हा पांढराफटक. मीच सावरून घेतलं. म्हटलं, वहिनी, मी यांचा मित्र. त्या म्हणाल्या, बरं झालं बाई, हल्ली हे कुणाशी बोलतच नाहीत.
ऑफिसात साहेबांना शब्द दिला : महिनाअखेर पूर्ण वसुली. त्यांनी पाठ थोपटली.

मंगळवार, १९ जून
आमच्या हॉलमध्ये चारी भिंतींवर मीच. बायको म्हणते, तो माणूस तुम्हाला घाबरतो. हिला माणसांची पारख म्हणून नाही.
आज त्याने विचारलं, साहेब, माणूसच नसला तर हप्ते कोण भरतं? प्रामाणिक आहे बिचारा. बघून सांगतो म्हटलं.

शुक्रवार, २२ जून
शटर बंद. परवापासून बंदच आहे. लग्नकार्य असेल कुणाचं.

शनिवार, २३ जून
वहिनी दुकानाच्या पायरीवर बसलेल्या. बुधवारी दुकानात जातो म्हणून निघाला, परत आलाच नाही. मोबाईल घरीच. मला बघून धावत आल्या. तुम्हीच एक त्यांचे मित्र, पोलिसांकडे चला म्हणाल्या.
गेलो. पोलिसाने विचारलं, कसलं टेन्शन होतं का? वहिनी म्हणाल्या, छे हो, सगळं नीट चाललं होतं. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मला काही कल्पना नाही.
बाहेर आल्यावर त्यांनी माझे हात धरले. म्हणाल्या, तुमच्याएवढी त्यांची चौकशी कुणीच केली नाही. हात सोडवता येईनात.
एकदा वाटलं, सांगून टाकावं. पण त्या नातेवाईक पडतात.