उलट्या सलामाचा शिपाई

प्रिय टिल्लू,

चाळिशी उलटलेल्या माणसाला टिल्लू म्हणू नये, हे मला कळतं. पण तुला तुझ्या खऱ्या नावाने हाक मारण्याइतका मान आज द्यावासा वाटत नाही. तेव्हा टिल्लूच. तू पाठवलेली शाल मिळाली. रंग चांगला आहे, वीण चांगली आहे, आणि ती या पत्राबरोबर परत येते आहे. शालीच्या घडीत ठेवलेलं तुमचं ते गुळगुळीत सूचीपत्रही पाहिलं. सातव्या पानावर माझा फोटो आहे, आणि खाली छापलं आहे, ‘मूळ कारखान्याच्या मुख्य तपासनीस बाईंनी स्वतः प्रमाणित केलेला नग.’ मी मुख्य कधीच नव्हते. आम्ही तिघी तपासनीस होतो आणि तिघींत मी सर्वांत खडूस होते, एवढंच. तो फोटो तू माझ्या स्वयंपाकघरात काढलास तेव्हा मी हसत होते. आज त्या हसऱ्या बाईकडे बघून मला किळस आली.

तसं तुझ्या या जुनी खेळणी जमवायच्या छंदाचं मला कधीच कौतुक नव्हतं. मागच्या वर्षी तुमच्या मेळाव्याला नेलंस, आठवतं ना? तो हॉल, त्यात टेबलांच्या रांगा, आणि तो वास! जुनं प्लॅस्टिक घाम सोडतं, त्यातलं तेल वर येतं आणि चिकट थर बसतो. उन्हात विसरलेला रेनकोट घडी करून कपाटात ठेवला की जसा आंबतो, तसा तो वास. आणि त्या वासात पांढरे हातमोजे घातलेले, पोटं सुटलेले, केस विरळ झालेले बाप्ये माना मोडेस्तोवर वाकून बघत होते. एकाने तर एका बाहुल्याची काख नाकाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘अस्सल!’ मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाले, बावीस वर्षं प्लॅस्टिकच्या कारखान्यात काढली, पण कुणाची काख हुंगायची वेळ माझ्यावर आली नाही.

मग तो तुमचा पारखी उठला. सगळे त्याला ‘सर’ म्हणत होते. एकेक नग फिरवून तो गुण सांगत होता, ‘गुडघा सैल, दोन वजा. खोक्याचा कोपरा मऊ, तीन वजा. कानावर दातांच्या खुणा, वीस वजा.’ कुणाचं तरी पोर त्या कानावर जीव टाकत होतं, रडू आलं की तोच कान चावत होतं, म्हणून वीस वजा. आणि ज्याच्याशी आयुष्यात कुणी खेळलंच नाही, त्याला शंभरातले अठ्ठ्याण्णव. मी मोठ्याने म्हटलं, ‘या बाहुल्या खेळायला केल्या होत्या ना?’ तू माझं कोपर दाबलंस, ‘आत्या, हळू! बाहुल्या नाही, ॲक्शन फिगर!’ मी म्हटलं, बरं बाबा, ॲक्शन फिगर. पण ॲक्शन कुठाय? सगळे तर काचेच्या डब्यांत मुकाट उभे. तू हसला नाहीस. मला तेव्हाच समजायला हवं होतं. लहानपणी तू माझ्या फालतू विनोदांनाही गडाबडा लोळायचास.

आमच्या काळी डुलक्या शिपाई पडद्यावर मोठ्या सिनेमाच्या आधी यायचा. सात-आठ मिनिटांचं कार्टून. पहाऱ्यावर उभा राहून झोपणारा, बंदुकीऐवजी छत्री धरणारा, साहेबाची चाहूल लागली की डोळे न उघडताच सलाम ठोकणारा. थेटर नुसतं खिदळायचं. आमच्या कारखान्याने त्याची बाहुली काढली ती त्याच हशावर. डावा हात छत्रीचा, उजवा हात सलामाचा. हात गरम पाण्यात मऊ करायचे आणि खांद्याच्या भोकात दाबून बसवायचे. एका संध्याकाळी फरशी पुसणाऱ्या बाईने टेबलावरचे दोन ट्रे उचलून खाली ठेवले आणि परत ठेवताना त्यांची जागा बदलली. पुढच्या चार तासांत जुळणीच्या मुलींनी मान वर न करता सगळे हात उलटे बसवले. छत्री उजवीकडे गेली आणि सलाम डाव्या खांद्यावरून थेट मानेमागे. शिपाई जणू स्वतःचीच पाठ खाजवतोय. सकाळी मी ते पाहिले आणि सगळेच्या सगळे बाद केले.

बाद केलेला माल पोत्यात भरून भुगा करायच्या मशीनकडे जायचा. त्यातलं एक पोतं मध्येच गायब झालं. भंगारवाल्याने नेलं असणार. त्या एका पोत्यातले उलट्या सलामाचे शिपाई आज तुमच्या जगात देवासारखे पुजले जातात. जे माझ्या मते केरात जायला हवं होतं, ते मखमलीवर बसलं. त्याची मला चीड येते, पण ती माझी खासगी चीड आहे. त्यासाठी मी एवढं लांबलचक पत्र लिहिलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी तू आलास आणि माझ्यासमोर वही उघडून बसलास. आत्या, पाणी किती गरम असायचं? आत्या, हात आत जाताना वंगण काय लावायचं? रंग आधी की जुळणी आधी? मी बोलत सुटले. खरं सांगते, निवृत्त झाल्यापासून माझ्या कामाबद्दल मला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. तुझे बाबा तर अजूनही म्हणतात, ताई बाहुल्यांच्या कारखान्यात होती, जशी काही मी तिथे भातुकली खेळत होते. तू मात्र माझा शब्दन्‌शब्द टिपून घेत होतास. त्या दुपारी मी हरभऱ्याच्या झाडावर चढले, टिल्लू, आणि तूच मला चढवलंस. मग काही महिन्यांनी तुझ्याकडून उलट्या सलामाच्या शिपायांचे फोटो यायला लागले. ‘आत्या, हा सापडला. आत्या, अजून एक मिळाला. जरा प्रमाणपत्र दे ना.’ मी सात प्रमाणपत्रं दिली. शिपाई पारदर्शक डब्यात, पाय काळ्या बैठकीत रुतलेले. मी चेहरा पाहिला, हात पाहिले, सही ठोकली.

पोत्यातून गेलेले शिपाई एकापाठोपाठ एक माझ्याच भाच्याला सापडावेत, याचं मला नवल वाटायला हवं होतं. सूनबाईने एकदा फोनवर हसत हसत सांगितलं, ‘आत्या, तुमच्या भाच्याने दुधाच्या पातेल्यात हात शिजायला टाकलेत! मुलगी आज दूध प्यायला तयार नाही.’ मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र त्या पातेल्यात तरंगणारे ते इवले इवले हात मला दिसत राहिले. मी स्वतःची समजूत घातली, दुरुस्ती करत असेल. कळत होतं मला. मी कळून घेतलं नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी दार वाजलं. बाहेर एक वयस्कर गृहस्थ, कोटाच्या खिशात भिंग, हातात बुटाचं खोकं. घड्याळजी आहेत, आपल्या गावापासून तासाभरावर त्यांचं दुकान आहे. सूचीपत्रात फोटो पाहून, चौकशी करत करत आले होते. ‘बाई, रागावू नका, त्रास द्यायला आलो नाही. नुसता एकदा तुमच्या हातात द्यावा म्हटलं. ज्यांनी बनवला त्यांच्या हातात.’ मी म्हटलं, मी बनवला नाही, मी बाद केला. ते हसले, ‘मग तर जास्तच!’ त्यांनी तुझ्याकडून मिळालेला शिपाई डब्यातून काढला, बैठकीतून सोडवला आणि माझ्या तळहातावर आडवा ठेवला. बावीस वर्षांची सवय, टिल्लू. माझा अंगठा आपसूक त्याच्या डाव्या टाचेवर गेला.

टाच अख्खी होती.

तुला ही गोष्ट ठाऊक नाही, कारण तू मला बाहुली कशी जुळवतात ते विचारलंस. बाद कशी करतात, ते विचारलं नाहीस. बाद नग तसाच ठेवला तर जुळणीच्या मुली दिवसाचा आकडा भरण्यासाठी तो हळूच चांगल्या मालात सरकवायच्या. म्हणून आम्ही तपासनिसांनी तिकिटाला भोक पाडतात तसला चिमटा ठेवला होता. बाद झाला की डाव्या टाचेचा अर्धा गोल तुकडा कापायचा, मगच पोत्यात टाकायचा. त्या पोत्यातला एकही शिपाई अख्ख्या टाचेचा नव्हता. असूच शकत नाही. तू मात्र साधे, चांगले शिपाई घेतलेस, त्यांचे हात उकळून उलटे केलेस, आणि त्यातही निवडून निवडून निष्कलंक घेतलेस, कारण तुमच्यात टाच तुटकी असली की पंधरा गुण वजा. चोरी करतानाही तुला गुण हवे होते.

घड्याळजी कौतुकाने सांगत होते, ‘बाई, माझ्याकडे आधी एक होता. पण त्याची टाच कुरतडलेली. उंदरानं खाल्ली असेल. सरांनी एकोणसत्तर गुण दिले. तुमच्या भाच्यानं मोठ्या मनानं तो बदल्यात घेतला. वर माझे बाकीचे बारा नग द्यावे लागले, पण हा बघा, चौऱ्याण्णव!’ तो कुरतडलेला त्यांनी तीस वर्षांपूर्वी एका भंगाराच्या ढिगातून उचलला होता. रोज दुकान उघडलं की आधी त्याची धूळ झटकायची, मग घड्याळांना हात लावायचा. ग्राहक चिडला की शिपायाकडे बघायचं, की आपला राग उतरतो, असं म्हणाले. अस्सल माल त्यांच्याजवळ होता. तो तू तुटका म्हणून घेतलास आणि त्यांच्या हातात पातेल्यातला दिलास. आणि सूचीपत्राच्या शेवटच्या पानावर ‘लवकरच येत आहे, टाच दुरुस्त केलेला’ म्हणून जो छापला आहेस, तो त्यांचाच ना? तिथे रंगाऱ्याची लांबी भरून तू त्याच्यावरची एकमेव खरी खूण बुजवायला निघाला आहेस. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. त्यासाठी तुमच्यासारखा जाणकारच लागतो.

आता यापुढचं नीट वाच, कारण पत्र त्यासाठीच लिहिलं आहे. वरचं सगळं मी राग काढायला लिहिलं. तो काढून झाला.

घड्याळजींनी बुटाचं खोकं मांडीवर घेतलं आणि मला विचारलं, ‘म्हणजे बाई, खरा आहे ना?’ त्यांना शंका नव्हती. त्यांना फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. अंगठा अजून त्या अख्ख्या टाचेवर होता. आणि मी म्हटलं, ‘हो. खरा आहे.’ त्यांनी दोन्ही हात जोडले. चहा घेतला, एक बिस्किट खाल्लं, दाराशी वाकून माझ्या पाया पडायला लागले, मी मागे सरकले. ते गेल्यावर मी साबणाने हात धुतले, दोनदा, तीनदा, आणि वास जाईना. तुला वाटेल, आत्याने मला सांभाळून घेतलं. नाही रे. तेवढं चांगलं कारणही माझ्याजवळ नाही. त्या क्षणी तू माझ्या मनातही नव्हतास. मनात होती ती माझी सही. टाच न बघता मारलेली, सात ठिकाणी. बावीस वर्षांत एक खोटा नग माझ्या हातून पास झाला नाही, असं मी जगाला ऐकवत आले. ते खोटं ठरू नये म्हणून एका सज्जन माणसाच्या तोंडावर मी खोटं बोलले. त्या हॉलमधल्या हातमोजेवाल्यांची मला किळस आली होती. त्यांनी निदान मालाला गुण दिले होते. मी स्वतःला दिले.

येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी घड्याळजींच्या दुकानात जाणार आहे. त्यांना फोन केला आहे. काय काम, ते सांगितलेलं नाही. त्यांचा शिपाई आणि बाकीचे बारा घेऊन तू तिथे ये. टाचेला लांबी लावली असशील तर ती खरवडायला बसू नकोस, जसा असेल तसा आण. तुला यायला जमलं नाही, ताप आला, गाडी बंद पडली, तरी मी थांबणार नाही. उरलेले सहा कुणाकुणाला दिलेस त्यांचे पत्तेही आण. त्यांची पत्रं मी लिहीन, पाकिटावरचे पत्ते तू घाल. सूनबाईला तू सांगायचंस, मी सांगणार नाही. आणि आलास तर एक लक्षात ठेव. मला मागे ठेवून पुढे बोलायला लागू नकोस. आधी मी बोलणार. माझं खोटं तुझ्यापेक्षा मोठं आहे, कारण तुझ्यावर त्यांनी भरवसा ठेवला तो माझ्यामुळे. माझं सांगून झालं की मी बाहेर बाकावर जाऊन बसेन. मग आत तू आणि ते.

तुझीच, आणि यातही तुझीच,
आत्या