तोंडाला लावलेला पेला

गुरुजी, तुमच्या कबरीवरचा दगड आपल्या ख्रिस्ती मंडळीनं मागे एकदा बदलला. नव्या दगडावर तुमच्या नावाखाली ‘उपदेशक’ हा शब्द कोरायचा राहून गेला. राहून गेला म्हणजे मंडळीच्या पंचांना तो राहून जायलाच हवा होता. त्या बैठकीला मीही होतो, आणि चहा पीत बसलो होतो. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे तुम्हाला तुमच्या हयातीत कळलं नाही. ते आज सांगायला बसलोय.

महाडला तुमच्या त्या बसक्या स्वयंपाकघरात प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी बाई, आमच्या गुरुपत्नी, पेल्यातल्या द्राक्षारसासाठी मनुका उकळत, आणि मी दवाखान्यातून सुटलो की ते पाणी फडक्यातून गाळायला येई. मी तेव्हा कंपाउंडर, चोविसाव्या वर्षातला. गाळणं नीटनेटकं जमायचं म्हणून ते काम माझ्याकडे. तुम्ही पाटावर बसून मला चिडवायचात. देवाचं पाचारण टाळून जहाजात बसून पळालेला तो संदेष्टा निदान समुद्रापर्यंत तरी गेला, तू तर बाटल्यांना लेबलं चिकटवत बसल्या जागीच पळतोयस, म्हणायचात. माझ्या हातून देवाला काही करवून घ्यायचंय असं तुम्हाला मनापासून वाटे. मला ते ऐकायला आवडायचं. नुसतं ऐकायलाच, हे खरं.

आणीबाणी उठली त्या वर्षी तुम्ही तुडीलकडच्या एका कातकरणीला सावित्रीत बाप्तिस्मा दिलात. ती लाकडाच्या मोळ्या घेऊन बाजाराला यायची आणि प्रार्थनाघराच्या पायरीवर टेकायची. तिथून ती हळूहळू आत आली. बाप्तिस्म्याला कुणी हरकत घेतली नाही. नदीचं पाणी वाहतं असतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. हरकत पेल्याची होती. आपल्याकडे पेला एकच, चांदीचा मुलामा दिलेला, हातोहात फिरणारा. आधी पुरुषांची रांग, मग बायकांची, आणि बायकांत ती शेवटी बसेल असं पंचांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ऐन वेळी तुम्ही पेला आधी बायकांच्या रांगेत दिलात. तो फिरत फिरत तिच्याकडे आला, ती प्यायली, आणि तिनं दोन्ही हातांनी तो पुढे केला. पुरुषांच्या रांगेत पहिला मी होतो. मी पेला तोंडाला लावला, मान मागे केली आणि पुढे दिला. माझ्यानंतरच्या प्रत्येकानं तो मोठ्या भक्तीनं कपाळाला लावला आणि पुढे सरकवला. अकरा कपाळं. पेला तुमच्या हातात परत आला तेव्हा तुम्ही आत उरलेला रस बघितलात.

मग तुम्ही जे बोललात ते अजून कानात आहे. आवाज चढवला नव्हतात. “ज्या मेजावर एकीला जागा नाही, ते मेज प्रभू तुमच्यापुढून उचलील. हे छप्परही तुमच्यावर राहायचं नाही. आज या एका मुलानं तेवढा तिच्या हातचा घोट घेतला. देव कुणाला बोलावतोय ते मला दिसलं.”

पंचांनी हा इशारा फार मनावर घेतला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुतार बोलावला. वासे बदलले, कौलं चाळली, पावसाच्या आत हार्मोनियम एका पंचाच्या माडीवर नेऊन ठेवली. हसू नका, गुरुजी. मीसुद्धा शिडी धरायला होतो. चार महिने धो धो कोसळून पाऊस गेला, एक थेंब गळला नाही, आणि उपदेशकांचं भाकीत खोटं ठरलं असा निकाल लागला. “मी कौलांबद्दल बोललो नव्हतो रे,” एवढंच तुम्ही मला म्हणालात.

त्यानंतर पंच माझ्याकडे आले. एका पेल्यानं रोग पसरतात हे तुम्ही दवाखान्यातल्या माणसानं सांगावं, म्हणजे वाद मिटेल, म्हणाले. ‘तुम्ही’ म्हणाले, बघा. मला ते ‘तुम्ही’ गोड लागलं. पुढच्या रविवारी मी उभा राहून क्षयाबद्दल दहा मिनिटं बोललो. शास्त्राला धरूनच बोललो, त्यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते इतकं हलकट होतं. प्रत्येकाला वेगळा छोटा ग्लास असं ठरलं. बाहेर अंगणात ती माझ्याजवळ आली. “दादा, येक इचारू? इतकी वरसं पेला फिरत व्हता. मंग माज्याच तोंडाला रोग हाय का?” मी काहीतरी जंतूंचं बोललो. ती मोळीची चुंबळ उचलून निघून गेली. परत आली नाही.

तुम्ही दवाखान्यात आलात. रागावला नव्हतात, ते जास्त लागलं. येत्या रविवारी उभा राहा आणि या ग्लासांमागचं खरं कारण सांग, म्हणालात. “ज्यानं घोट घेतला, त्यानंच हे सांगायला हवं.” मी हो म्हटलं. रविवारी सकाळी निरोप पाठवला की कशेडी घाटात ट्रक उलटलाय, जखमी यायचेत, मला हलता येत नाही. ट्रकबिक काही उलटला नव्हता. मी रिकाम्या दवाखान्यात बसून होतो. संध्याकाळी बाईंनी सांगितलं की त्या जखमींसाठी तुम्ही गुडघे टेकून प्रार्थना केलीत, आणि सगळ्या मंडळीला करायला लावलीत.

महिन्याभरात पंचांनी तुम्हाला कामावरून कमी केलं. तुम्ही पोलादपूरला खोली घेतलीत आणि आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या कातकरवाडीवर चालत जाऊ लागलात. ती तिथे माहेरी राहायला गेली होती. तो जुना पेला तुम्ही मागून नेलात, पंचांना तो नकोच होता. वाडीवर तुम्ही सगळ्यांच्या शेवटी पीत होतात म्हणे. सात-आठ वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा तुम्हाला महाडला आणलं, आणि खांदा द्यायला मी पुढे होतो. लोक म्हणाले, लाडका शिष्य.

आता मी पंच आहे. छप्पर शाबूत आहे. रविवारी खाली आम्ही पाच म्हातारे असतो, बाकीचे मुंबईला, किंवा कुठेच नाहीत. ग्लास चोवीस आहेत, मी पाच भरतो. तुम्ही कशाबद्दल बोलला होतात ते समजायला मला एवढी वर्षं लागली असं म्हणणं सोपं आहे. मला ते त्याच दिवशी समजलं होतं.

हे पत्र मी पवित्र शास्त्राच्या पानांत ठेवीन, आणि मरायच्या आधी बहुतेक फाडूनही टाकीन. पण एक गोष्ट लिहायची आहे, गुरुजी. त्या दिवशी पेला मी तोंडाला लावला तेव्हा माझे ओठ मिटलेले होते. मी घोट घेतला नव्हता. तुम्ही लांब उभे होतात, तुम्हाला मान मागे गेलेली दिसली. ती माझ्या शेजारीच होती.